खंडेनवमीचा कागद

काकासाहेबांची नोकरी माझ्या एका ‘होय’मुळे गेली. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे बोलले नाही. चौकशीच्या अहवालात कारण वेगळं दिलं आहे. त्या अहवालावर माझीही सही आहे.

देवासच्या एका खासगी रुग्णालयात मी नेटवर्कचं काम बघते. त्याच संस्थेचं धारला नर्सिंग कॉलेज आणि लहान रुग्णालय आहे, तेही माझ्याच गळ्यात. काकासाहेब देवासला मेंटेनन्सचे प्रमुख होते. जनरेटर, लिफ्ट, पाण्याचे पंप, ऑक्सिजन, जे जे घरघरतं ते सगळं त्यांचं. वय निवृत्तीच्या पुढे गेलेलं. दर वर्षी संस्था त्यांना एक वर्षाची मुदतवाढ द्यायची आणि उपकार केल्यासारखं दाखवायची. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. तळमजल्यावरची पॅनल रूम हेच त्यांचं घर होतं. त्यांच्या खऱ्या घरी ते फक्त झोपायला जात. मुदतवाढ मिळाली नाही तर हा माणूस सकाळी उठून कुठे जाणार, हा प्रश्न आम्हा सगळ्यांना माहीत होता. कुणी विचारत नसे.

त्यांचे पूर्वज संस्थानात शिलेखान्यावर होते, म्हणजे शस्त्रांच्या कोठारावर. तलवारी कधीच गेल्या, पण घराण्याचं वळण राहिलं. मराठीही जुनी, जपून ठेवलेल्या लुगड्यासारखी. मी हिंदी शाळेत शिकलेली. मराठी वाचायला लागले ते नोकरी लागल्यावर. माझं बोलणं ऐकून ते म्हणायचे, “ताई, तुझं म्हणजे पोहे-जिलबी एकाच प्लेटीत.” मला राग येत नसे. आमच्याकडे पोहे-जिलबी एकाच प्लेटीत खातात.

खंडेनवमीला शस्त्रं धुवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, विसावा द्यायचा, हे त्यांच्या घरचं. शस्त्रं नाहीत म्हणून त्यांनी हा नेम रुग्णालयातल्या यंत्रांना लावला. आता रुग्णालयातली यंत्रं दिवसभर बंद कशी ठेवणार? तर त्यांनी वाट काढली. रुग्णालयात महत्त्वाचं सगळं जोडीनं असतं. दोन जनरेटर, दोन पंप, दोन लिफ्ट. एकाला अर्धा तास विसावा, पूजा. तोवर भार दुसऱ्यावर. मग दुसऱ्याची पाळी. सकाळी अकराला सुरू करून जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या जोड्या आटपायच्या.

पण त्याआधी आठवडाभर ते एक कागद घेऊन फिरायचे. रेघा मारलेला, स्वतःच्या हातानं लिहिलेला. चार रकाने: जोडी कुठली, विसावा कुणाला, भार कुणावर, पेलेल का. शेवटच्या रकान्यात त्या त्या माणसानं ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून सही करायची. ‘नाही’ आलं तर त्या यंत्राला नुसती फुलं वाहायची, बटणाला हात नाही. सगळ्या सह्या झाल्या की कागदाची एक प्रत पॅनल रूमच्या दारावर लागायची आणि मूळ त्यांच्या खिशात जायचं.

पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. इंजिनिअर झालेली मी, आणि हा म्हातारा माझ्या कंट्रोलरला झेंडूचा हार घालणार. मग हळूहळू लक्षात आलं की अख्ख्या संस्थेत हीच एक खरी चाचणी होते. आम्ही शिकलेले लोक कागदावर बाण काढतो, हे पडलं तर ते उचलेल. प्रत्यक्षात एक बंद करून दुसरं उचलतं का, हे बघायची छाती कुणाची नसते. काकासाहेबांची होती, आणि त्यांना ती भक्ती वाटत होती.

माझी जोडी म्हणजे दोन कंट्रोलर. रुग्णालयात छताला पांढऱ्या पेट्या दिसतात, ज्यांतून वाय-फाय येतं, ते ॲक्सेस पॉइंट. त्या पेट्यांना स्वतःची अक्कल फारशी नसते. कुणी कुठल्या लहरीवर बोलायचं, कुणाला आत घ्यायचं, हे सगळं कंट्रोलर सांगतो. तो नसेल तर पेटी म्हणजे छताला डकवलेलं प्लॅस्टिक. एक कंट्रोलर देवासला, एक धारला, आणि प्रत्येकाची ताकद दीडशे पेट्यांची. मी आखणी केली तेव्हा देवासला ऐंशी पेट्या होत्या, धारला साठ. म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा सगळ्यांना सांभाळून घेईल, वर दहा जागा शिल्लक. दोन मांडव आणि प्रत्येकात दीडशे पानं, असं मी काकासाहेबांना समजावलं होतं. एक मांडव कोसळला तर सगळी पंगत दुसऱ्यात बसेल. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते मला विचारायचे, “काय ताई, पंगत बसते ना?”

मग संस्था वाढली. देवासला नवी इमारत, धारला मुलींचं वसतिगृह. देवासच्या पेट्या पंच्याण्णव झाल्या, धारच्या ऐंशी. पडद्यावर दोन्ही कंट्रोलर हिरवेगार, कारण प्रत्येकाकडे दीडशेतल्या भरपूर जागा मोकळ्या दिसायच्या. बेरीज पडदा करत नाही. बेरीज मी केली: एकशे पंच्याहत्तर. एक कंट्रोलर पडला तर पंचवीस पेट्यांना कुठेच जागा नाही.

हे मी संचालकांना लिहून दिलं. तिसरा कंट्रोलर हवा, तो येईपर्यंत जोडी पूर्ण धरू नये, असं स्वच्छ लिहिलं. संचालक धारचेच, गोड बोलणारे. चहा मागवला, कागद वाचला आणि म्हणाले, “बेटा, दशहरे के बाद मान्यता वाले आ रहे हैं. ये लाइन अभी मत रखो. ‘पर्याप्त’ लिख दो, बाद में देख लेंगे.” मी म्हटलं, पण सर, बंद पडला तर? ते म्हणाले, “अब तक पड़ा क्या?”

पडला नव्हता. माझी नेमणूक कंत्राटी होती आणि मुदत डिसेंबरात संपत होती. मी ‘पर्याप्त’ लिहिलं. घरी जाताना स्वतःला सांगितलं की हा फक्त शब्द आहे.

चार दिवसांनी काकासाहेब त्यांचा कागद घेऊन आले. माझ्या टेबलासमोर उभेच राहिले. ते कधी बसत नसत. “पंगत बसते ना, ताई?”

मला तेव्हाच सांगता आलं असतं. ‘नाही’ ही दोनच अक्षरं. पण तो कागद दारावर लागणार होता, मान्यतेच्या तपासणीला येणारे ते दार बघणार होते, आणि माझ्या नावापुढे ‘नाही’ असणार होतं. संचालकांच्या दप्तरात ‘पर्याप्त’ आणि पॅनल रूमच्या दारावर ‘नाही’. मी मनात ठरवलं की कागदावर ‘होय’ लिहू आणि खंडेनवमीच्या सकाळी तोंडी सांगू, काकासाहेब, यंदा माझ्या यंत्राला राहू द्या, फुलं वाहा नुसती. त्यांनी का म्हणून विचारलंही नसतं. मी ‘होय’ लिहिलं, सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि घडी करून खिशात ठेवला.

नवमीच्या सकाळी संचालकांनी मला धारला बोलावलं. मान्यतेच्या आधीची तयारी, सगळ्या खोल्यांतून फिरायचं. पहाटे निघाले तेव्हा देवीच्या टेकडीकडे जाणारे रस्ते नवरात्राच्या गर्दीनं बंद झालेले. बसस्टँडपर्यंत चालत गेले. इंदूरला बस बदलली. तिथून फोन करता आला असता. केला नाही. म्हटलं, धारला पोचून निवांत करू. खरं कारण असं की काय शब्दांत सांगायचं ते सुचत नव्हतं. फोनवर ते म्हणाले असते, “पण तू तर होय लिहिलंस.” त्या एका वाक्याची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी धारपर्यंत गप्प बसले.

धारला पोचल्याबरोबर संचालकांनी ताब्यात घेतलं. हे दाखव, ते दाखव, ही वायर लोंबते, तो फलक तिरका आहे. दहा वाजले, साडेदहा वाजले. अकराला पाच मिनिटं असताना मी जिन्यात जाऊन फोन लावला. बंद. तेव्हा मला आठवलं. खंडेनवमीला काकासाहेब स्वतःचा फोनही बंद करून पूजेच्या पाटावर ठेवत. ते म्हणत, वर्षभर बोंबलतो बिचारा, एक दिवस त्यालाही विसावा. हे मला ठाऊक होतं. मी दर वर्षी तो पाट बघितला होता, पक्कड, टेस्टर, पाना आणि शेवटी तो जुना फोन, वर एक झेंडू.

मी पळत सर्व्हर रूममध्ये गेले. पडद्यावर धारचा आकडा चढायला लागला होता. ऐंशीचे शंभर झाले, सव्वाशे, एकशे चाळीस. क्षणभर वेडी आशा वाटली, जशी काही माझी बेरीज चुकली असेल. मग दीडशेवर येऊन तो थांबला. खाली लाल यादी उघडली, पंचवीस ओळींची.

त्यातही एक गोष्ट माझी. कुठल्या पेटीला आधी जागा द्यायची हे ठरवता येतं. वॉर्ड आधी, कचेऱ्या मागे, एका दुपारचं काम. ते मी कधी केलंच नव्हतं, कारण जागा पुरत होत्या तेव्हा गरज नव्हती आणि पुरेनाशा झाल्या तेव्हा त्याबद्दल बोलायचं नव्हतं. त्यामुळे जो आधी पोचला तो बसला. संचालकांचं दालन हिरवं होतं. हिशेबाची खोली हिरवी होती. नव्या इमारतीचा तिसरा मजला, ऑपरेशननंतरचे पेशंट जिथे ठेवतात तो, सगळा लाल.

पॅनल रूमच्या टेबलावरच्या फोनवर इलेक्ट्रिशियननं उचललं. मी म्हटलं, भिया, नेटवर्कचा तो डबा आत्ताच्या आत्ता चालू कर. तो म्हणाला, “अहो ताई, त्याला तर हार घालून झाला. हळदकुंकू लागलंय. पूजेतली चीज मी कसा चालू करू?”

“काकासाहेबांना दे.”

“ते स्तोत्र म्हणून राहिलेत. मधात बोलत नाहीत, तुम्हाला मालूम आहे ना.”

मला मालूम होतं. मी ओरडले, तशी कधी कुणावर ओरडले नव्हते. तो बिचकून म्हणाला, थांबा, विचारतो. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि लांबून काकासाहेबांचा संथ, स्पष्ट आवाज, एकेक शब्द तोलून म्हटलेला. मी धारच्या त्या गार खोलीत उभी राहून ते स्तोत्र शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांना कुणीतरी सांगितलं. ते फोनवर आलेच नाहीत, सरळ हार काढून बटण दाबलं असणार, कारण पडद्यावर देवासचा कंट्रोलर जागा व्हायला लागला. त्याला जागं व्हायलाच पंधरा मिनिटं लागतात. सगळं मिळून पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात तिसऱ्या मजल्यावर सतवास गावच्या एका म्हाताऱ्या बाईनं घंटेचं बटण दाबलं. नवमी म्हणून अर्ध्या नर्सेस रजेवर, एकच जण होती, ती टोकाच्या खोलीत. पेशंटनं घंटा दाबली की ती नर्सच्या खिशातल्या फोनवर वाजते, आणि तो फोन वाय-फायवर चालतो. बाईनं दोनदा दाबली, तीनदा दाबली. सून खाली औषध आणायला गेलेली. मग बाई स्वतःच बाथरूमकडे निघाली आणि दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती वाचली, पण पुन्हा तिचं ती चालली की नाही मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

दसऱ्यानंतर आठवड्यात चौकशी बसली. लांब टेबल, एका बाजूला संचालक आणि दोन डॉक्टर, समोर आम्ही दोघं. माझा दस्तऐवज वाचण्यात आला: जोडव्यवस्था पर्याप्त. संचालकांनी तो शब्द मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग काकासाहेबांना विचारलं, “चलती मशीन बंद की. पूजा के लिए. किससे पूछकर?”

काकासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशातून कागदाची पिवळट कड बाहेर आलेली मला दिसत होती. ती घडी मी ओळखत होते. दारावरची प्रत नवमीच्या संध्याकाळीच कुणीतरी उतरवली होती; कुणी, ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, पंगत बसते ना म्हणून विचारताना बघायचे तेवढाच. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिले.

“मी बंद केलं,” ते म्हणाले. “दर साल करतो.”

“किसी ने परमिशन दी?”

“विचारायचं माझं काम होतं.” एवढंच म्हणाले, आणि खिशावर हात ठेवून बसले.

अहवालात लिहिलं, धार्मिक कारणासाठी अत्यावश्यक यंत्रणा विनापरवानगी बंद केली. मुदतवाढ मिळाली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी पॅनल रूमच्या किल्ल्या एकेक करून मोजून दिल्या, कुठली कशाची ते सांगत, आणि नवा माणूस मोबाइल बघत हो हो म्हणत होता. मी जिन्याच्या वळणावर उभी होते. खाली उतरले नाही.

माझं काय झालं तेही सांगते. माझी मुदत वाढली. तिसरा कंट्रोलर महिन्याभरात आला. पेशंट पडल्यावर पैसा लगेच सापडला. मान्यता मिळाली. मान्यतावाल्यांनी सुचवलं म्हणून संस्थेत आता वर्षातून दोनदा चाचणी होते, जोडीतलं एक यंत्र ठरवून बंद करायचं आणि दुसरं उचलतं का बघायचं. त्यासाठी छापील फॉर्म आहे, चार रकान्यांचा. तो मी बनवला. संचालकांनी सभेत माझं कौतुक केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही हसले. माझा स्वतःचा मला तेव्हा जेवढा वीट आला तेवढा पुन्हा कधी आला नाही, आणि फॉर्म अजून तोच चालू आहे.

पुढच्या खंडेनवमीला मी त्यांच्या घरी गेले. वर्षभर गेले नव्हते. मिठाईचा डबा घेतला होता, तो रस्त्यात चारदा या हातातून त्या हातात केला. दार उघडंच होतं. त्यांनी पाट मांडला होता: पक्कड, टेस्टर, पाना, फोन. वाळलेल्या हातांवर हळद लागलेली. मला बघून ते उठले नाहीत आणि या, बसा असंही म्हणाले नाहीत.

मी बरीच वाक्यं पाठ करून आले होते. मी एवढंच म्हणाले, “काकासाहेब, माझं चुकलं. तुम्ही तो कागद का नाही दाखवला?”

ते फुलं वाहत राहिले.

“दाखवला असता तर तू गेली असतीस, मी राहिलो असतो का? माझ्या हातानं बंद केलं होतं. दोघं गेलो असतो.” मग फोनवर झेंडू ठेवत, “आणि तू बोलशील असं वाटलं होतं. म्हणून खिशात ठेवला. तू बोललीस की काढायचा, तुझं खरं करायला.”

मी रडायला लागले. त्यांनी काही केलं नाही, पाणीसुद्धा दिलं नाही. पाटावरच्या पान्याखालून त्यांनी घडी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. कागदावर हळदीचा बोटाचा ठसा उमटला होता. माझी सही तशीच होती, ‘होय’ नीट गोलसर अक्षरात, मी मराठी नवीन शिकताना काढायची तसं.

“हे तुझं आहे. घेऊन जा,” ते म्हणाले. “तोंडी सांगितलं असतंस तरी चाललं असतं, ताई. मी नुसती फुलं वाहिली असती.”

मी उंबऱ्यापाशी ठेवलेला मिठाईचा डबा त्यांनी तिथेच राहू दिला. मी निघताना तो उचलून परत आणला.